पोर्टर म्हणजे हमाल

बेळगाव स्टेशनवर गाडीतून उतरले की लाल सदऱ्यातला हमाल पुढे येतो. आपल्या भागात त्याला मराठीत हमाल म्हणतात, कन्नडमध्ये हमाली किंवा कूली. अरबीतून आलेला 'हमाल' हा शब्द दोन्ही भाषांनी इतका आपलासा केला आहे की तो परका आहे हे सांगावे लागते. रेल्वेच्या कागदांत मात्र हा माणूस अनेक वर्षे 'लायसन्स्ड पोर्टर' होता. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पात त्याचे नाव 'सहायक' झाले. नाव बदलले, डोक्यावरचे ओझे तेवढेच राहिले. याच 'पोर्टर'च्या नावाची एक काळी बिअर इंग्लंडमध्ये गेली तीनशे वर्षे प्यायली जाते. गेल्या संक्रांतीला ती आमच्या येळ्ळूरच्या घरी आली, म्हणून हा लेख. कौटुंबिक पानावर बिअर कशाला, असे कुणाला वाटेल. हा प्रश्न आमच्याही घरात विचारला गेला, आणि त्याचे उत्तर सोपे नव्हते.

आधी नावाचा उलगडा करू. अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये माल वाहण्याचे सारे काम माणसाच्या पाठीवर चाले. थेम्स नदीत उभ्या जहाजांतून धान्य, कोळसा, मासळी उतरवणारे हमाल वेगळे आणि शहरातल्या गल्लीबोळांतून गाठोडी, पेट्या, चिठ्ठ्या पोचवणारे वेगळे. या दुसऱ्या जातीच्या हमालांना अंगावर बिल्ला लावावा लागे, म्हणून त्यांचे नाव 'तिकीट पोर्टर'. आपल्या स्टेशनवरच्या पितळी बिल्ल्याचे हे पूर्वजच म्हणायचे. दिवसभर ओझी वाहणाऱ्या या माणसांना पोटाला आधार देणारे, तहान भागवणारे आणि स्वस्त असे पेय हवे असे. तपकिरी मॉल्टची, कडसर, पिंपात महिनोन्‌महिने मुरवलेली बिअर त्यांनी उचलून धरली आणि १७२० च्या दशकापासून लोक तिला त्यांच्याच नावाने ओळखू लागले. हारवूड नावाच्या एका दारूवाल्याने १७२२ साली ही बिअर शोधून काढली अशी एक गोष्ट पुष्कळ पुस्तकांत सापडते. ती गोष्ट पुढे ऐंशी वर्षांनी छापली गेली. अलीकडचे अभ्यासक ती मानत नाहीत. एका माणसाने शोधले, एका दिवशी शोधले, असे लिहायला सोपे जाते इतकेच.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. औद्योगिक क्रांती म्हटली की आम्ही मास्तर मंडळी कापडगिरण्या, कोळशाच्या खाणी आणि जेम्स वॉटचे इंजिन एवढ्यावर धडा संपवतो. पण वॉटचे इंजिन घेणाऱ्या पहिल्या काही गिऱ्हाइकांत लंडनचे पोर्टर बनवणारे कारखानदार होते. व्हिटब्रेड यांच्या कारखान्यात मॉल्ट दळण्यासाठी घोडे जुंपलेले असत. १७८५ साली तेथे बोल्टन आणि वॉट यांचे इंजिन आले आणि घोड्यांची सुटी झाली. दोन वर्षांनी खुद्द राजा तिसरा जॉर्ज ते बघायला गेला. ते इंजिन आज ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या संग्रहालयात आहे. पेय हमालांचे, पण त्यावर उभा राहिलेला पैसा लंडनमधल्या सर्वांत मोठ्या पैशांपैकी एक होता. मुरवण्याची पिंपे मोठी-मोठी होत गेली. कारखानदारांत त्याची चढाओढच लागली. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी म्यू कंपनीच्या कारखान्यातले सुमारे बावीस फूट उंचीचे एक पिंप फुटले आणि लाटेसारखी बिअर शेजारच्या गरीब वस्तीत शिरली. आठ जण मेले, त्यांत बहुतेक बायका आणि मुले. चौकशीत अपघाताने आणि दुर्दैवाने झालेले मृत्यू असा निकाल लागला आणि वाहून गेलेल्या मालावर भरलेला कर मात्र कंपनीला परत मिळाला. हा प्रसंग मी आता वर्गात सांगतो. मुले आधी हसतात, मग गप्प होतात.

हे सारे दूरचे वाटेल, पण या बिअरची वाट आपल्या भागापर्यंत येते. हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची आवड फिकट, कडू 'पेल एल'ची. साध्या सोल्जरांसाठी मात्र सरकार पोर्टरची पिंपे भरभरून मागवत असे. बेळगावचा किल्ला १८१८ साली इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे कॅम्प वसला. रेल्वे १८८० च्या दशकात आली. त्याआधी कॅम्पचा विलायती माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरून रामघाटाने वर चढे. त्या मालात काळ्या बिअरची पिंपे असणारच, असा माझा तर्क आहे. म्हणजे लंडनच्या हमालाचे पेय घाटावर आणायला आमच्याच पूर्वजांचे बैल आणि आमच्याच पूर्वजांची पाठ लागली असणार. नंतर मीकिन कंपनीने पुण्याजवळ खडकीला बिअरचा कारखाना काढला, म्हणजे पिंपांचा घाट चढणे कमी झाले. आणखी एक गंमत. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत बसलेले सोल्जर कंटाळून वेड्यासारखे वागत, म्हणून इंग्रजीत वेडसर माणसाला 'डुलाली' म्हणू लागले. पुण्यात २००९ साली एक छोटा बिअर-कारखाना सुरू झाला, त्याने हेच नाव घेतले. तशा छोट्या कारखान्यांच्या फळ्यांवर आता पुण्यात आणि बंगळूरला काळ्या बिअरही दिसतात.

आता घरातली गोष्ट. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही आप्पा म्हणत असू, बेळगावच्या रविवार पेठेत हमाल होते. येळ्ळूरहून पहाटे चालत जायचे, दिवसभर पोती वाहायचे. तेव्हा पोते शंभर किलोचे असे. संध्याकाळी पेठेतून निघायचे ते थेट गावापर्यंत यायचे नाहीत, वाटेत सारायीच्या गुत्त्यावर थांबायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना मला दोनदा तरी त्यांना बोलवायला धाडले होते. त्या गुत्त्याचा वास मला आजही आठवतो. त्यात कुठल्याच धान्याचा, फळाचा, गुळाचा अंश नव्हता. स्पिरिटने पुसलेल्या जखमेसारखा तो वास होता. आप्पा १९८९ साली गेले, पन्नाशीच्या थोडे पुढे. थोरल्या आईने म्हशी पाळून दोन मुले आणि एक मुलगी वाढवली. तेव्हापासून आमच्या घरात बाटली आली नव्हती. तसा नियम कुणी केला नव्हता, पण सगळे तो पाळत होते.

त्याच आप्पांचा नातू, म्हणजे माझा पुतण्या, लंडनच्या पश्चिम भागात नोकरी करतो. संक्रांतीला आला तेव्हा बॅगेतून दोन बाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. फुलर्स कंपनीची 'लंडन पोर्टर', अर्ध्या लिटरची बाटली, मद्यार्क ५.४ टक्के. "काका, तुम्ही हमालांवर वाचताय म्हणालात ना, म्हणून आणली." तो सरळ मनाचा मुलगा. घरात क्षणभर सगळे गप्प झाले. माझी बायको बैलहोंगलकडची. तिला राग आला की ती कन्नडमध्ये बोलते, आणि फार थोडे बोलते. "मनेयल्लि बेड," ती म्हणाली. घरात नको. मग दोघांत ठरले की मागच्या गच्चीवर, जेवणाआधी, एकच बाटली उघडायची, आणि थोरल्या आईपासून लपवायचे नाही. लपवून पिण्यात आमच्या भागातल्या पुष्कळ घरांची वाट लागलेली मी पाहिली आहे.

पुतण्याने बाटली फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायला लावली. आपल्याकडे बिअर म्हणजे पिवळी आणि दात सळसळतील इतकी गार. ही तशी प्यायची नसते, कारण गारव्याने जीभ बधिर होते आणि कडूपणा व वास दोन्ही दबतात. फ्रीजमधला कुंदा लगेच खाल्ला तर नुसता गोड लागतो आणि थोडा वेळ बाहेर ठेवला की त्यातली भाजल्याची चव वर येते, तसेच हे. जानेवारीतली येळ्ळूरची रात्र तिला मानवली. समोर राजहंसगडावर दिवे दिसत होते, शिवारातून गार वारा येत होता.

ओतल्यावर काळी दिसली. पण पेला मोबाईलच्या उजेडापुढे धरल्यावर कळले की ती काळी नाही. कडेला गडद लाल झाक होती, आमसुलाचे पाणी फार दाट झाले तर दिसेल तशी. मराठीत आपण हिला सरसकट काळी म्हणून मोकळे होऊ. कन्नडमध्ये 'कप्पु' म्हणजे काळा आणि 'कंदु' म्हणजे तपकिरी. ही कंदुच्या शेवटाला आणि कप्पुच्या उंबऱ्यावर उभी आहे. फेस पांढरा नव्हता, फिल्टर कॉफीवर असतो तसा तांबूस, आणि तो लवकर बसला नाही.

वास घेताना मी डोळे मिटले. पहिला वास कॉफीचा, हे कुणालाही सांगता येईल. दुसरा वास सापडायला वेळ लागला. गुऱ्हाळात काकवी उतरवायच्या आधी कढईच्या काठाला जे चिकटून थोडे जळते, तो वास. त्याच्या मागे काहीतरी ओलसर होते, पावसाळ्याच्या सुरुवातीला गवताच्या गंजीजवळ उभे राहिल्यावर येते तसे. तो हॉपचा वास, असे पुतण्या म्हणाला. हॉप ही थंड प्रदेशातली वेल. तिची फुले बिअरला कडूपणा देतात आणि ती टिकायला मदत करतात.

मग घोट. विलायती मासिकांतून या बिअरची वर्णने वाचली की चॉकलेट, टॉफी, एस्प्रेसो असे शब्द भेटतात. ते खोटे नाहीत, पण आपल्या जिभेला ते उसने आहेत. ज्याने लहानपणी कोको पाहिला नाही त्याने 'कोकोची आठवण येते' म्हणणे हे मला अजब वाटते. मला पहिल्या घोटात भाकरीचा पापुद्रा आठवला. चुलीच्या आरावर भाकरी उभी करून भाजताना एका बाजूला जो काळा डाग पडतो, तो डाग आम्ही मुले भांडून खात असू. नेमकी ती चव. आपल्याकडे भाजण्याच्या चवीसाठी किती शब्द आहेत बघा. खमंग, खरपूस, करपट, आणि पार जळाले की कोळसा झाला. खमंग आणि खरपूस यांत फरक आहे, खरपूस आणि करपट यांत तर एका मिनिटाचा फरक आहे, आणि तो प्रत्येक सुगरणीला कळतो. कन्नडमध्ये 'हुरिद' म्हणजे भाजलेले आणि 'सीदु होद' म्हणजे तळाला लागलेले. ही बिअर खरपूस आणि करपट यांच्या मधल्या बांधावरून चालते. एक पाऊल इकडे पडले असते तर औषध झाले असते.

घोट तोंडात असताना गोडी होती, पण ती साखरेची नव्हे, गुळचट. गिळल्यावर गोडी नाहीशी झाली आणि जिभेच्या मागे कडसर, थोडे तुरट असे काही राहिले. या तुरटपणासाठी माझी बायको 'ओगरु' हा शब्द वापरते आणि मला तो मराठी शब्दापेक्षा अधिक नेमका वाटतो, कारण तो म्हणतानाच तोंड आवळल्यासारखे होते. किंचित आंबूसपणाही होता, आंबलीत असतो तेवढाच. बुडबुडे फार नव्हते, त्यामुळे ढेकर नाहीत आणि पोट फुगणे नाही. पेला अर्धा झाला तेव्हा ती आणखी कोमट झाली होती, आणि मला ती तेव्हा जास्त आवडली.

सोबत काय खावे यावर आम्ही प्रयोग केले. तिखट फरसाण पहिल्याच घासाला बाद झाले. तिखटाने कडूपणा असा चढला की दोन्हींची चव गेली. भडंगाचेही तेच. पुतण्या म्हणाला, तिकडे चॉकलेटच्या केकबरोबर घेतात. घरात कुंदा होता. कुंद्याचा छोटा घास आणि त्यावर एक घोट, हे जमले. जमणारच, कारण दोन्हींचा रंग एकाच घराण्यातला आहे. दूध आटवताना त्यातली साखर आणि प्रथिने उष्णतेने एकमेकांत मिसळून तपकिरी होतात. धान्य भाजतानाही तेच घडते. फ्रान्समधल्या मायार नावाच्या रसायनतज्ज्ञाने १९१२ साली ही क्रिया मांडली, तिला त्याचेच नाव आहे. बेळगावच्या हलवायांनी त्याची वाट पाहिली नव्हती.

मॉल्ट म्हणजे काय हे इथे सांगायला हवे, कारण तो शब्द परका असला तरी काम आपल्या घरातलेच आहे. बार्ली, म्हणजे आपला सातू, भिजत घालायचा, मोड आणायचे, मोड वाढायच्या आत उष्णतेने वाळवायचा. मोड येताना धान्यात जी पाचक द्रव्ये तयार होतात ती पिठूळपणाची साखर करतात. त्या साखरेवर यीस्ट जगते आणि मद्यार्क होतो. आता बाळाच्या नाचणी-सत्त्वाची कृती आठवा. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, हलकी भाजायची, दळून वस्त्रगाळ करायची. कन्नड घरांत त्याला सरळ 'रागी माल्ट'च म्हणतात. मोड आणल्यामुळे पेज पातळ राहते, गोडसर लागते आणि बाळाला पचते. वाट एकच आहे. एक जण अर्ध्यावर थांबून बाळाला भरवतो, दुसरा पुढे जाऊन पिंप भरतो.

रंगाची गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीचे तपकिरी मॉल्ट लाकडाच्या जाळावर वाळवत, रंग आणि धुराची चव त्यातूनच येई. १७८० च्या दशकात कारखानदार घनता मोजायचे उपकरण वापरू लागले आणि त्यांना कळले की तेवढ्याच पैशांत फिकट मॉल्टमधून जास्त साखर निघते. झाले, सगळे फिकट मॉल्टकडे वळले. पण मग बिअर काळी कशी दिसणार? कुणी जाळलेली साखर घातली, कुणी याहून वाईट काही. १८१६ साली कायद्याने मॉल्ट आणि हॉपशिवाय काहीही घालायला बंदी केली. पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलर याने कॉफी भाजतात तसा फिरता पिंप काढून मॉल्ट काळे भाजायचे पेटंट घेतले. हे काळे मॉल्ट अगदी थोडे घातले तरी सगळी बिअर रंगते. आपल्याकडे गुळाचे उलट झाले. पिवळा गूळ दिसायला छान म्हणून बाजारात भाव त्याला, मग गुऱ्हाळात हायड्रोस पावडर पडू लागली. आणि आता शहरातले लोक काळा गूळ जास्त पैसे देऊन शोधतात. गिऱ्हाइकाचा डोळा हा कारखानदाराचा खरा मालक, लंडनलाही आणि कोल्हापूरलाही.

पोर्टरचे पुढे काय झाले ते थोडक्यात. तिच्या जोरदार प्रकाराला 'स्टाउट पोर्टर' म्हणत. त्यातला स्टाउट तेवढा टिकला. डब्लिनच्या गिनेस कंपनीने १७९९ पासून फक्त पोर्टरच करायचे ठरवले होते, पण जग तिला आज स्टाउटसाठी ओळखते. साध्या पोर्टरला दोन महायुद्धांच्या काळातली धान्याची टंचाई आणि बदललेली आवड भोवली; १९५० च्या दशकात ती इंग्लंडमधून जवळजवळ नाहीशी झाली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस काही छोट्या कारखान्यांनी ती परत आणली. आम्ही प्यायलेली फुलर्सची पोर्टर १९९६ पासूनची आहे, आणि २०१९ साली तो कारखाना जपानच्या असाही कंपनीने विकत घेतला. आज लंडनमध्ये ती पिणारा हमाल नसतो. तो माझ्या पुतण्यासारखा काँप्युटरवर बसणारा असतो.

पेले अर्धे झाले असताना थोरली आई जिना चढून वर आली. वय त्र्याऐंशी, कठड्याला हात धरून. "काय पिऊलात रे?" पुतण्याने न लपवता सांगितले. तिने पेला हातात घेतला, पदर नाकाशी न नेता वास घेतला. मला भीती होती की तिला आप्पा आठवतील. ती म्हणाली, "नाचणी करपलीया ह्यात." मी म्हटले, नाचणी नव्हे, सातू; पण मोड आणून भाजलेले आहे हे बरोबर. मॉल्ट हा शब्द तिने कधी ऐकलेला नव्हता. विलायती मासिकवाले ज्याच्यासाठी अर्धे पान खर्च करतात ते तिने तीन शब्दांत सांगितले.

मग नातवाने उत्साहाने सांगायला सुरुवात केली. आज्जी, ही हमालांची बिअर, लंडनमध्ये आप्पांसारखे हमाल होते, ते हीच प्यायचे, म्हणून हिला त्यांचे नाव दिले. तिने सगळे ऐकून घेतले. पेला खाली ठेवला आणि विचारले, "आणि त्येंच्या बायकांचं नाव कशाला दिलंय?"

त्यावर आम्ही दोघेही काही बोललो नाही. ती खाली गेली. मागून मी तिच्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकांत शोधले आणि ते बऱ्यापैकी सापडले. थेम्सवर जहाजांतून कोळसा उपसणाऱ्या हमालांना काम मिळायचे ते गुत्तेवाल्यांमार्फत. टोळ्या गुत्तेवाला ठरवी, म्हणून जो जास्त पिईल त्याला काम आधी. मजुरी गुत्त्यातच, प्यालेले वजा करून. घरी काय जात असेल ते वेगळे सांगायला नको. हे थांबवायला १८४३ साली इंग्लंडच्या संसदेला खास कायदा करावा लागला आणि त्या हमालांची नोंदणी व कामवाटप गुत्त्याबाहेर सरकारी कचेरीत आणावे लागले. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८४९ साली लंडनच्या कामकऱ्यांवर वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली, त्यात या हमालांची हकिकत आहे. ती वाचताना मला रविवार पेठ दिसत होती.

पोर्टरच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. १७५१ साली हॉगार्थ नावाच्या चित्रकाराने दोन चित्रे काढली, एक 'बिअर स्ट्रीट' आणि एक 'जिन लेन'. बिअरच्या रस्त्यावर माणसे धष्टपुष्ट आणि कामसू. जिनच्या गल्लीत आईच्या हातून मूल खाली पडते आहे. त्या काळी स्वस्त जिनने लंडनची गरीब वस्ती पोखरली होती आणि त्यापुढे बिअर लोकांना सोज्वळ वाटे. चित्र प्रचाराचे होते हे उघड आहे, तरी त्यात तथ्य आहे. धान्याची चव असलेले, कमी मद्यार्काचे पेय सावकाश पिणे आणि सारायीचा पेला एका दमात पोटात ओतणे, या एकच गोष्टी नव्हेत. पण म्हणून बिअर पुण्याची होत नाही. मद्यार्काचे निर्धोक असे प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे.

कर्नाटकात १ जुलै २००७ पासून सारायीवर बंदी आली. आमच्या भागातल्या बायकांनी त्या दिवशी सुटकेचा श्वास टाकला. मग तीच माणसे कागदी डबीतली स्वस्त व्हिस्की घेऊ लागली, जी सारायीपेक्षा महाग. गुत्त्याचा बोर्ड बदलला आणि बायकांचे घरखर्चाचे गणित आणखी तुटले. बंदी नको होती असे मी म्हणत नाही. पण हमालाला संध्याकाळी पाठ सरळ करायला, भूक विसरायला काहीतरी लागते, त्याचा विचार त्या कागदात नव्हता. लंडनमध्ये पिकॅडिली रस्त्यावर १८६१ साली खांद्याच्या उंचीची एक लाकडी फळी खांबांवर बसवली गेली, हमालांनी पाठीवरचे ओझे क्षणभर टेकवावे म्हणून. पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली आणि तिने 'कष्टाची भाकर' ही केंद्रे काढली, जिथे कष्टकऱ्याला स्वस्तात पोटभर जेवण मिळते. पोतेही आता शंभरवरून पन्नास किलोवर आले आहे. आप्पांच्या वेळी यातले काहीही त्यांच्या वाटेवर नव्हते. त्यांच्या वाटेवर गुत्ता होता.

दुसरी बाटली आम्ही उघडली नाही. पुतण्या म्हणाला, ठेवा, पुढच्या वेळी. बायकोने ती माळ्यावर, पितळेच्या भांड्यांमागे नेऊन ठेवली. कुठे ठेवली ते तिने स्वतःच मला सांगितले. रिकामी बाटली तपकिरी काचेची, चांगली जाड होती. आमच्याकडे अशी बाटली कुणी टाकत नाही, तेल तरी भरतात. थोरल्या आईने ती भंगारवाल्याला द्यायला लावली.

पुतण्याची मुलगी तेव्हा सात महिन्यांची होती, लंडनमध्येच. तो परत निघायच्या आठवड्यात थोरल्या आईने दोन शेर नाचणी भिजत घातली. मोड आले, सावलीत वाळली. भाजायला तिने सुनेला बसू दिले नाही, स्वतः कढईपुढे बसली. मी जवळ उभा होतो. वास खमंगाचा खरपूस झाला तशी तिने कढई खाली उतरवली आणि नातवाला हाक मारली, "बघ, हितं थांबायचं. हेच्या म्होरं गेलं की तुझी ती बाटली."